दमानं आणि दणक्यात

माझा एक पुतण्या मोटारींच्या रॅलीत गाडी चालवतो. आमच्या घराण्यात सायकलपलीकडे कुणी वेगाच्या वाटेला गेलं नव्हतं. मी स्वतः बँकेतल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत स्कूटरचा काटा चाळीसच्या पुढे नेला नाही. त्यामुळे हा मुलगा नेमकं काय करतो हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. रॅलीत सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत, ठराविक अंतराने एकेक सोडतात. समोर प्रतिस्पर्धी दिसत नाही, दिसतं ते फक्त घड्याळ. दोन-तीन दिवसांत कच्च्या रस्त्यांचे बरेच टप्पे पार करायचे, शेजारी बसलेला सहचालक वहीतून पुढचं वळण वाचून दाखवणार, आणि शेवटी सगळ्या टप्प्यांच्या वेळांची बेरीज होणार. ज्याची बेरीज कमी तो जिंकला. बेरीज म्हटल्यावर मला ते पटकन कळलं.

तर या पठ्ठ्याने मागच्या एका रॅलीत पहिला टप्पा सगळ्यांत कमी वेळात पार केला आणि तिसऱ्या टप्प्यात गाडी नाल्यात घातली. सुदैवाने दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. घरच्यांनी कानउघाडणी केली. पुढच्या रॅलीत त्याने इतकी जपून गाडी हाकली, की रॅली पुरी झाली पण नंबर खालून मोजायची पाळी आली. दिवाळीला सोलापुरात आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. वेग ठेवला तर गाडी रस्ता सोडते आणि सातत्य ठेवलं तर वेग सोडतो, मग माणसाने करायचं काय, हा त्याचा प्रश्न. मोटारीतलं मला काही कळत नाही. पण या प्रश्नाशी दहा वर्षं झगडलेला एक माणूस मला माहीत होता, आणि तो आमच्याच गावात जन्मला होता. मी त्याला पॉली उम्रीगरांची गोष्ट सांगितली. पोराला नाव माहीत होतं, पण क्रिकेट मंडळाच्या एका पुरस्काराचं नाव म्हणून. त्या नावामागे हाडामांसाचा माणूस होता आणि तो सोलापूरचा होता, हे त्याला नवीनच.

पहलन रतनजी उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ चा, सोलापूरचा. घर पारशी, वडिलांचा धंदा कापडाचा. त्या काळचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. कापडात पैसा होता आणि त्या ओढीने गावात गुजराती, मारवाडी, पद्मशाली, पारशी अशी नाना घरं नांदत होती. उम्रीगरांचं कुटुंब पुढे मुंबईला गेलं, पोरगा तेव्हा शाळेत होता. म्हणजे सोलापूरच्या वाट्याला त्यांचं बालपणच काय ते आलं. पण जन्मगावाचा हक्क सोडायला आम्ही सोलापूरकर तयार नसतो. माझे वडील गिरणीत कारकून होते, आणि त्यांच्या तोंडी ते कधीच उम्रीगर नव्हते. आपला पॉली, असा एकेरी उल्लेख असायचा, जणू शेजारच्या वाड्यात राहायला होता.

मुंबईने मात्र त्यांना घडवलं. अंगापिंडाने उंच, खांदे रुंद, आणि चेंडू फटकावण्याची हौस जन्मजात. १९४४ साली, अठराव्या वर्षी, ते पारशी संघाकडून पंचरंगी सामन्यात उतरले. धर्मावार संघांची ती स्पर्धा पुढे दोनच वर्षांत बंद झाली, आणि ती बंद झाली हे बरंच झालं असं मला वाटतं. पण एवढ्या लहान वयात मोठ्यांत खेळायची संधी तिने अनेकांना दिली, हेही खरं. विद्यापीठाच्या क्रिकेटमध्ये उम्रीगरांचं नाव झालं. १९४८ साली वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हा विद्यापीठांच्या संयुक्त संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा ठोकल्या आणि त्याच डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पहिली कसोटी खेळले. वय बावीस. सगळं कसं भरधाव चाललेलं.

मग गाडी अडली. पुढची तीन वर्षं संघात पक्की जागा नव्हती. आज खेळायचं, उद्या बाहेर बसायचं. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध मालिकेतली शेवटची कसोटी होती. भारत कसोटी क्रिकेट खेळायला लागून वीस वर्षं होत आली होती आणि एकही विजय गाठीला नव्हता. या सामन्यातही उम्रीगरांना वगळलेलंच होतं. हेमू अधिकारींना ऐनवेळी दुखापत झाली म्हणून त्यांची जागा यांना मिळाली. सामना सुरू झाला त्याच दिवशी, ६ फेब्रुवारीला, इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारले. अशा विचित्र वातावरणात विनू मंकडांनी दोन डावांत मिळून बारा बळी घेतले, पंकज रॉयने शतक केलं, आणि खालच्या क्रमांकावर आलेले उम्रीगर नाबाद १३० धावा करून परतले. विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने पहिली कसोटी जिंकली, तीही एक डाव आणि ८ धावांनी. दुसऱ्याच्या दुखापतीमुळे मिळालेली संधी होती ही. बदली कामगार म्हणून गिरणीत लागावं आणि त्याच दिवशी थोरला साहेब तपासणीला यावा, तसं.

आता उम्रीगरांची जागा पक्की झाली. आणि चारच महिन्यांनी त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत कडू उन्हाळा सुरू झाला.

१९५२ च्या इंग्लंड दौऱ्याबद्दल वडील फारसं बोलत नसत. घरातल्या एखाद्या नादारीबद्दल बोलू नये तसं. लीड्सच्या पहिल्याच कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद अशी झाली. फ्रेड ट्रूमन नावाचा एकवीस वर्षांचा यॉर्कशायरचा पोरगा पहिली कसोटी खेळत होता. मँचेस्टरला त्याने ३१ धावांत आठ बळी घेतले, भारताचा पहिला डाव ५८ धावांत संपला, दुसरा ८२ धावांत, आणि दोन्ही एकाच दिवसात. उम्रीगरांनी त्या मालिकेत सात डाव खेळून एकूण ४३ धावा केल्या. सरासरी सहाच्या थोडी वर. चेंडू येताना दिसला की त्यांचा पाय स्क्वेअर लेगकडे सरकायचा. त्यावरून इंग्लंडमध्ये जे विनोद झाले ते पुढे कित्येक वर्षं तिथल्या जेवणावळींत सांगितले जात.

खरी गंमत, किंवा दुःख म्हणा, पुढेच आहे. त्याच दौऱ्यात इतर सामन्यांत याच माणसाने सोळाशेच्या वर धावा केल्या. त्यात तीन द्विशतकं होती. म्हणजे हात चालत होते, नजर चालत होती, उन्हाळाभर इंग्लंडच्या काउंट्यांना ते धोपटत होते. फक्त समोर खराखुरा वेग आला की सगळं थांबत होतं. टप्प्याटप्प्याने पाहिलं तर दौऱ्यातला सर्वांत यशस्वी फलंदाज, आणि बेरीज जिथे महत्त्वाची तिथे ४३.

भित्रा, असा शिक्का मारून मोकळं होणं सोपं होतं. अनेकांनी तो मारला. मला तो कधी पटला नाही. आपल्याकडच्या खेळपट्ट्या संथ, कित्येक ठिकाणी तर मॅटिंगच्या. अमरसिंग १९४० साली गेले, महंमद निसार यांचा काळ संपला, आणि त्यानंतर देशात खरा वेगवान गोलंदाज राहिला नव्हता. ज्या वेगाचा सराव कधी मिळालाच नाही त्याला तोंड द्यायचं, तेही हेल्मेट नसताना, पावसात भिजलेल्या उघड्या खेळपट्टीवर. पाय मागे सरकला तर तो पाय शहाणाच म्हणायला हवा. मात्र कसोटी क्रिकेटमध्ये शहाण्या पायाला धावा मिळत नाहीत.

इथे मला माझी एक लाजिरवाणी आठवण सांगायची आहे. नोकरीला लागलो तेव्हा सुरुवातीला मला रोखपालाच्या खिडकीवर बसवलं होतं. नोटा मोजण्यात माझा हात भलताच चपळ होता आणि त्याचा मला गर्व होता. शेजारच्या खिडकीवर निवृत्तीला आलेले एक सद्गृहस्थ होते. ते बोट ओलं करून, एकेक नोट जणू हवापाणी विचारत पुढे सरकवायचे. माझी रांग त्यांच्या निम्म्या वेळात संपे. एका महिनाअखेरीला माझी रोकड पाचशे रुपयांनी कमी भरली. तेव्हा ती रक्कम लहान नव्हती. पगारातून भरली. दुसऱ्या दिवसापासून मी इतका सावकाश मोजू लागलो की लोक त्या गृहस्थांच्या रांगेत जाऊ लागले. आपला मूळचा वेग आणि नव्याने शिकलेली धास्ती यांचा मेळ बसायला मला दोन वर्षं लागली. चूक झाल्यावर माणूस एकदम दुसऱ्या टोकाला जातो. पुतण्याचंही तेच झालं होतं.

उम्रीगर दुसऱ्या टोकाला गेले नाहीत, हे मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत नवलाचं वाटतं. इंग्लंडहून परतल्यावर त्याच वर्षी पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा भारतात आला. मुंबईच्या कसोटीत उम्रीगरांनी १०२ धावा केल्या. त्यानंतर लगेच १९५३ चा वेस्ट इंडीज दौरा. पाच कसोटींत ५६० धावा, दोन शतकं. तिथल्या लोकांनी त्यांचं नाव ताडमाडांशी जोडलं, कारण त्यांचे उंच फटके माडांच्या दिशेने जात. म्हणजे मारणं त्यांनी सोडलं नव्हतं. त्या वेळच्या वेस्ट इंडीजची ताकद रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या फिरकी जोडीत होती, तुफान वेगात नव्हती, असं टीकाकार म्हणत. ते चूक नव्हतं. ट्रूमनचा हिशेब अजून बाकीच होता.

मग आलं हैदराबाद. नोव्हेंबर १९५५, न्यूझीलंडविरुद्धची कसोटी, फतेह मैदान. वडील आणि गिरणीतले त्यांचे दोन सोबती रात्रीच्या गाडीने सोलापूरहून निघाले, मैदानावर एक दिवस बसले आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने परतले. ही आमच्या घरातली पुराणकथा आहे, दर दसऱ्याला नव्याने सांगितली जायची. पण तिचा शेवट दरवेळी एकाच तक्रारीने व्हायचा. वडील गेले होते आपल्या पॉलीचे षटकार बघायला. आणि पॉली खेळत होता संथ. चांगला चेंडू आला की अडवायचा, वाईट आला की तेवढा मारायचा, पुन्हा खाली मान. आठ तासांहून अधिक वेळ ते खेळपट्टीवर होते. २२३ धावा झाल्या. कसोटी क्रिकेटमध्ये भारतीयाने केलेलं ते पहिलं द्विशतक. इतिहास डोळ्यांसमोर घडला आणि आमच्या वडिलांना तिकिटाचे पैसे पुरते वसूल न झाल्यासारखं वाटत राहिलं. बिचारे मनाने फार प्रामाणिक होते.

मी मोठा झाल्यावर त्यांच्याशी यावर वाद घालत असे. माझं म्हणणं, जो माणूस हाणू शकतो त्याने आठ तास हाणायचं नाही असं ठरवणं, ही साधी गोष्ट नव्हे. ज्याच्याकडे वेग नाही त्याचं सातत्य हे बऱ्याचदा निव्वळ नाइलाज असतं. बँकेत अशी खाती पुष्कळ पाहिली, वर्षानुवर्षं तेवढीच शिल्लक, ना वर ना खाली. उम्रीगरांचं तसं नव्हतं. त्यांच्या शिलकीत फटके होते, आणि ते कधी काढायचे हे त्यांनी आपल्या हातात ठेवलं.

त्याच मालिकेत दुसऱ्या कसोटीपासून ते भारताचे कर्णधार झाले. मुंबई आणि मद्रासची कसोटी जिंकली. मद्रासला विनू मंकड आणि पंकज रॉय यांनी सलामीला ४१३ धावांची भागी केली, ती याच कर्णधाराच्या काळात. एकूण आठ कसोटींत त्यांनी नेतृत्व केलं, दोन जिंकल्या, दोन हरल्या. नेतृत्वाचा शेवट मात्र चमत्कारिक झाला. १९५८-५९ साली वेस्ट इंडीजचा संघ इथे होता, हॉल आणि गिलख्रिस्ट आग ओकत होते, आणि आपल्या मंडळाने पाच कसोटींत चार कर्णधार करून दाखवले. मद्रास कसोटीसाठी उम्रीगरांना नेमलं. संघात कुणाला घ्यायचं यावरून मंडळाच्या वरिष्ठांशी मतभेद झाले, आणि सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी कर्णधारपद सोडलं. सोडलं ते फक्त पद. दुसऱ्या दिवशी ते खेळाडू म्हणून मैदानात उतरले. बदलीच्या एका हुकमावरून महिनाभर रजेवर गेलेले अधिकारी मी पाहिले आहेत, त्यामुळे मला हे विशेष वाटतं.

१९५९ साली पुन्हा इंग्लंड. भारत पाचही कसोटी हरला, त्यामुळे त्या दौऱ्याची आठवण कुणी काढत नाही. पण मँचेस्टरला एक गोष्ट घडली. तेच मैदान, जिथे सात वर्षांपूर्वी भारताचे दोन डाव एका दिवसात आटोपले होते. तोच ट्रूमन, आता तर जास्त मुरलेला. दुसऱ्या डावात अब्बास अली बेग या तरुणाने पदार्पणातच शतक केलं, आणि उम्रीगरांनी ११८ धावा केल्या. ते विनोद त्यानंतर बंद झाले असं नाही. चांगल्या विनोदाला वस्तुस्थितीची गरज नसते. पण धावफलकावर नोंद झाली.

त्या डिसेंबरात कानपूरला भारताने ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा हरवलं. चौदा बळी घेणाऱ्या जसू पटेलांचं नाव सगळ्यांना आठवतं. दुसऱ्या डावात २७ धावांत चार बळी उम्रीगरांनी घेतले होते, हे कमी लोकांना. ते मध्यमगतीही टाकायचे आणि ऑफस्पिनही, संघाला जे हवं ते. पुढच्या वर्षी पाकिस्तानविरुद्ध एका मालिकेत तीन शतकं झाली. त्या मालिकेत दोन्ही संघ हरण्याच्या भीतीने इतके संथ खेळले की पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. सातत्याचा अतिरेक कसा दिसतो हे पाहायचं असेल तर ती मालिका पाहावी.

आणि मग १९६२. उम्रीगर छत्तीस वर्षांचे. वेस्ट इंडीजचा दौरा. मार्चमध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटीला इजा झाली, जिवावर बेतलं, शस्त्रक्रिया झाली. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, आणि आपल्याकडचे बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर होते. एकवीस वर्षांच्या पतौडींवर नेतृत्व आलं. संघ एकामागून एक कसोटी हरत होता. वेग माणसाचं काय करू शकतो हे उम्रीगरांनी रुग्णालयात जवळून पाहिलं होतं. दहा वर्षांपूर्वी ज्याचा पाय मागे सरकत होता, त्याने आता काय करावं?

एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला चौथी कसोटी झाली. वेस्ट इंडीजने ४४४ धावा केल्या, त्यांचे पाच बळी उम्रीगरांनी घेतले, १०७ धावांत. भारताचा डाव १९७ वर संपला, त्यात उम्रीगरांच्या ५६. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी शतक केलं, आणि उम्रीगर सुटले. समोर वेस हॉल, सोबर्स, गिब्ज. हैदराबादला आठ तास खाली मान घालून खेळलेला हा माणूस चार तासांच्या थोड्या वर खेळला आणि नाबाद १७२ धावा करून उभा राहिला. खालचे फलंदाज हाताशी धरून, चेंडू सीमेपार आणि सीमेबाहेर धाडत. भारताच्या ४२२ धावा झाल्या. सामना तरीही सात गड्यांनी हरलो, मालिका पाच-शून्यने हरलो. त्या मालिकेत भारताकडून सगळ्यांत जास्त धावा त्यांच्याच होत्या.

वडील सांगायचे, ती बातमी गावात वर्तमानपत्रातून आली तेव्हा गिरणीच्या दारात लोक पेपर हातोहात फिरवत होते. हैदराबादला न दिसलेले षटकार त्यांना अखेर पोर्ट ऑफ स्पेनच्या बातमीत दिसले. मी तेव्हा अंगणात रांगत असेन.

त्या मालिकेनंतर उम्रीगर कसोटीतून निवृत्त झाले. ५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतकं, ३५ बळी. तिन्ही बाबतींत, सामने, धावा आणि शतकं, ते तेव्हा भारतीयांमध्ये सर्वांत पुढे होते. हे आकडे मोडायला सुनील गावस्करांची पिढी यावी लागली. सरकारने १९६२ मध्येच पद्मश्री दिली. पुढे ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. १९७६ मध्ये किंग्स्टनला होल्डिंग आणि मंडळींनी आपल्या फलंदाजांना जखमी केलं, डाव ९७ धावांवर संपला आणि सामना हरलो, तेव्हा व्यवस्थापक म्हणून तेच तिथे होते. त्या रात्री त्यांच्या मनात कोणकोणती वर्षं येऊन गेली असतील! नंतर निवड समितीचे अध्यक्ष झाले, मुंबई आणि भारतीय क्रिकेटच्या कारभारात राहिले, वानखेडेच्या खेळपट्टीची देखभालही केली. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वर्षातल्या सर्वोत्तम भारतीय क्रिकेटपटूला मंडळ जो पुरस्कार देतं त्याला त्यांचं नाव आहे. पहिला सचिन तेंडुलकरला मिळाला. अलीकडे तो जसप्रीत बुमराहला एकापेक्षा जास्त वेळा मिळाला आहे. एका वेगवान गोलंदाजाच्या हातात उम्रीगरांच्या नावाची ट्रॉफी पाहून मला हसू आलं, आणि वडील हवे होते असं वाटलं.

पुतण्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने वही काढून मला एक आकडा पुन्हा विचारला. १७२ नव्हे, २२३ नव्हे. तो १९५२ चा ४३ होता. तो त्याने लिहून घेतला. सकाळी पुण्याला परत जाताना, भुईकोट किल्ल्यावरून स्टेशनकडे मला सोडायला त्यानेच गाडी काढली. मी नेहमीप्रमाणे पट्टा दोनदा तपासून बसलो. रस्ता रिकामा होता, आणि पठ्ठ्याने काटा चाळीसवर ठेवला होता. मीच त्याला म्हणालो की जरा दामट, माझी गाडी चुकेल.